नैतिक निवडीतून आशयसूत्र शिकवताना उत्तर पुन्हा पुन्हा ‘तात्पर्या’वर का घसरतं?

अकरावी-बारावीच्या वर्गात कर्णावर तास होतो, चर्चा रंगते, मुलं तावातावानं बोलतात. मग वह्या तपासायला घेतल्या की बहुतेक उत्तरांचा शेवट तीनपैकी एका वाक्यानं झालेला असतो. ‘खरी मैत्री सर्वश्रेष्ठ असते.’ ‘वाईट संगतीचं फळ वाईटच मिळतं.’ ‘नियतीपुढे कोणाचं काही चालत नाही.’ तिन्ही वाक्यं दुसऱ्या कुठल्याही कथेखाली जशीच्या तशी लिहिता येतील. पुढच्या धड्याला, पुढच्या पात्राला पुन्हा हेच होतं. ‘नीट विचार करून लिहा’ असं सांगून यात फरक पडत नाही, कारण मुलं विचार करत नाहीत असं नाहीच. त्यांनी इतकी वर्षं जे शिकलं तेच ती चोख लिहीत असतात.

पहिलीपासून गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’ असतं. नववी-दहावीच्या कथालेखनातही मुद्द्यांवरून गोष्ट रचायची, शीर्षक द्यायचं आणि खाली बोध लिहायचा, ही सवय पक्की होते. तात्पर्य वाचणाऱ्यानं कसं वागावं ते सांगतं. माणूस असा का वागतो आणि त्याची किंमत काय पडते, याबद्दल कथेचं जे म्हणणं असतं ते आशयसूत्र. हा फरक व्याख्या देऊन कळत नाही. तो पात्राच्या एका निर्णयाशी थांबून, तो निर्णय सुटा करून दाखवावा लागतो. इथे महाभारतातला कर्ण घेतला आहे, कारण कथा सगळ्यांना माहीत असते आणि त्यात ठरवून घेतलेले निर्णय भरपूर सापडतात. हीच रीत ‘कुमारभारती’ किंवा ‘युवकभारती’तल्या कुठल्याही कथेला लावता येते.

आधी तपासा: निवडलेला प्रसंग खरोखर निवडीचा आहे का?

बिघाड बऱ्याचदा इथेच असतो. शिक्षक कर्णाचा सगळ्यात हृदयद्रावक प्रसंग घेतात: रथाचं चाक रुतलं आहे, अस्त्राचा मंत्र आठवत नाही, अर्जुनाचा बाण येतो. प्रसंग जबरदस्त आहे, पण चाक रुतणं ही घटना आहे, निर्णय नव्हे. त्यावर प्रश्न विचारला की मुलांना ‘नियती’ लिहिण्यावाचून गत्यंतर राहत नाही. चूक त्यांची नसते.

विश्लेषणाला चालेल अशा प्रसंगात चार गोष्टी लागतात. पात्रासमोर किमान दोन वाटा खुल्या हव्यात. दोन्ही वाटांवर काहीतरी गमवावं लागणार असावं. निर्णय घेताना पात्राला बरंच काही माहीत असावं. आणि त्या निर्णयाचे पडसाद पुढे संहितेतच उमटलेले असावेत, आपल्या कल्पनेत नव्हे. यातली एक जरी गोष्ट नसली तरी तो प्रसंग बाजूला ठेवा.

उद्योगपर्वातला कृष्ण-कर्ण संवाद या चारही कसोट्यांना उतरतो. शिष्टाई फसल्यावर हस्तिनापूर सोडताना कृष्ण कर्णाला आपल्या रथात घेतो आणि सांगतो की तू कुंतीचा थोरला मुलगा आहेस, चल, पांडव तुझे पाय धरतील, राज्य तुझं होईल. कर्ण नकार देतो. ‘कर्णाला खरं कळलं असतं तर तो पांडवांकडे गेला असता’ हा अनेक मुलांचा समज इथेच मोडतो. त्याला खरं कळलेलं आहे.

‘काय केलं’ऐवजी ‘कशाच्या बदल्यात’

मुलांना पाच रकान्यांचा तक्ता आखायला सांगा: काय ठरवलं, दुसरं काय करता आलं असतं, त्या क्षणी काय माहीत होतं, काय सोडलं किंवा गमावलं, कथेनं पुढे काय दाखवलं. वहीचं पान आडवं धरून आखला तर लिहायला जागा पुरते. पहिला रकाना दोन ओळींपुरता मर्यादित ठेवा. मर्यादा नसली की तिथे सगळं कथानक उतरतं आणि तास संपतो.

दुसरा रकाना मुलं ‘पांडवांकडे जाणं’ एवढं लिहून सोडतात. त्यांना तिसरी वाट शोधायला लावा. कर्ण कोणत्याच बाजूनं न लढता बाहेर राहू शकला असता का? बलराम तसा राहिला, तो तीर्थयात्रेला निघून गेला. कर्णानं स्वतःसुद्धा भीष्म रणात असेपर्यंत शस्त्र न उचलण्याची भूमिका घेतली होती. म्हणजे युद्धाबाहेर थांबणं काय असतं हे त्याला ठाऊक होतं, आणि तरीही तो अखेर उतरला. एवढं पाहिल्यावर त्याचा नकार एका क्षणाच्या आवेगातला वाटेनासा होतो.

सगळ्यात जास्त वेळ तिसऱ्या रकान्याला द्या. कृष्णाला दिलेल्या उत्तरात कर्ण आपल्याला काय काय माहीत आहे ते स्वतःच सांगतो. कुंतीनं सोडलं, अधिरथानं घरी आणलं, राधेनं वाढवलं, संस्कार त्यांनी केले. सूतांमध्येच त्याचं लग्न झालं, मुलं-नातवंडं झाली. सगळी पृथ्वी किंवा सोन्याच्या राशी मिळाल्या तरी ही नाती खोटी पाडता येणार नाहीत, असं तो म्हणतो. दुर्योधनाच्या आधारानं तेरा वर्षं राज्य भोगलं आणि त्यानं आपल्या भरवशावरच हे युद्ध अंगावर घेतलं, हेही तो सांगतो. इथवर मुलं पोचतात. पण त्याच संवादात आणखी दोन गोष्टी आहेत, आणि त्या नेमक्या सुटतात. दुर्योधन हरणार हे कर्णाला दिसत आहे; युधिष्ठिराच्या विजयाची स्वप्नं पडल्याचं तो कृष्णाला सांगतो. आणि दुर्योधनाला खूश करण्यासाठी आपण पांडवांना कटू बोललो याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असंही त्याच्याच तोंडी आहे. म्हणजे हरणार हे माहीत असून आणि आपली बाजू निर्दोष नाही हेही माहीत असून तो तिथेच राहतो. हा रकाना रिकामा राहिला की ‘मैत्री श्रेष्ठ’ हे वाक्य येणारच.

चौथ्या रकान्यात ‘जीव गमावला’ हे पहिलं उत्तर येईल. ते लिहू द्या, मग विचारा: मरण्याआधी काय गमावलं? भाऊ. आई म्हणू शकेल अशी आई. आणि जन्माचं सत्य जाहीर करण्याचा हक्क, कारण हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस अशी विनंती तो स्वतःच कृष्णाला करतो. कळलं तर युधिष्ठिर राज्य आपल्याला देईल आणि आपण ते दुर्योधनाला देऊन टाकू, हे त्याचं कारण. हे कारण वर्गात मोठ्यानं वाचून दाखवा आणि क्षणभर थांबा. राज्य कोणाच्या हाती असावं याबद्दल कर्णाचं मत काय आहे, ते या एका वाक्यातून उघडं पडतं.

पाचव्या रकान्यासाठी मात्र चाक रुतल्याचा प्रसंग आता वापरायचा. कर्ण धर्माची आठवण करून देतो आणि थांबायला सांगतो; त्यावर कृष्ण एकेक प्रसंग काढून विचारतो की तेव्हा तुझा धर्म कुठे गेला होता. त्यानंतर स्त्रीपर्वात, मृतांना पाणी देण्याच्या वेळी, कुंती पांडवांना सांगते की तो तुमचा थोरला भाऊ होता, आणि जिंकलेला युधिष्ठिर शोकात बुडतो. कथा कर्णाला सोडत नाही आणि त्याच्या शत्रूंना निर्भेळ विजयही देत नाही. आशयसूत्र या दोन टोकांच्या मधे आहे.

सोयीस्कर गाळणी

एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. द्यूतसभेतलं कर्णाचं वागणं अनेक वर्गांत संकोचानं वगळलं जातं. तो द्रौपदीला हीन शब्दांत बोलतो आणि पांडवांची व तिची वस्त्रं काढून घ्यायला दुःशासनाला सांगतो. हे वगळून कर्ण शिकवला की उरतो तो दानशूर, अन्यायग्रस्त मित्र, आणि मग आशयसूत्र निघत नाही, श्रद्धांजली निघते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींशी हा प्रसंग गंभीरपणे, तपशील न चघळता बोलता येतो. प्रश्न असा ठेवा: ज्याला राजकुमारांच्या शस्त्रपरीक्षेच्या वेळी भर रंगभूमीत कुळावरून हिणवलं गेलं, त्यानं भर सभेत दुसऱ्या माणसाला हिणवायचं का ठरवलं? या प्रश्नावर वर्ग गप्प होतो. ती शांतता लगेच भरून काढू नका, मिनिटभर राहू द्या. उत्तरं त्यानंतर येतात आणि ती चांगली असतात.

याच ठिकाणी जातीचा विषय निघतो, निघायलाच हवा. तो टाळला तर कर्णाची निवड कळणारच नाही. पण ‘तुमच्यापैकी कोणाला असा अनुभव आला आहे का?’ असा प्रश्न भर वर्गात विचारू नका. कुणा एका मुलाकडे सगळ्यांच्या नजरा वळतात आणि त्याला नको ते ओझं येतं. बोलणं संहितेतल्या माणसाबद्दल ठेवा. कुणाला लिहायचं असेल तर वहीत लिहू द्या, आणि ते मोठ्यानं वाचू नका.

‘हे कुठे लिहिलंय?’ या प्रश्नावरून होणारा गोंधळ

मुलांच्या डोक्यात तीन-चार कर्ण असतात: मालिकेतला, आजीच्या गोष्टीतला, कादंबरीतला. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण स्वतः बोलतो, वाचक त्याच्या मनात बसून सगळं पाहतो, त्यामुळे सहानुभूतीचं पारडं साहजिकच त्याच्याकडे झुकतं. कादंबरीचा तो हेतूच आहे, पण तिच्यातला पुरावा महाभारताच्या उताऱ्यावरच्या उत्तरात चालत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. निरनिराळ्या हस्तलिखितांमध्ये प्रसंग किती बदलतात ते त्यावरून दिसतं. स्वयंवरात द्रौपदीनं ‘सूतपुत्राला वरणार नाही’ म्हटल्याचा लोकप्रिय प्रसंग त्या आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही.

उपाय सोपा आहे. तासाच्या आधी एक ते दीड पानाचा मराठी अनुवादाचा उतारा सगळ्यांच्या हातात द्या, ओळींना क्रमांक घाला आणि नियम करा की पुरावा याच ओळींतून द्यायचा. बाहेरचं काही आणायचं असेल तर ‘अमुक कादंबरीत असं आहे’ असा उल्लेख करायचा. हुशार मुलं यावर दोन कर्णांची तुलना सुरू करतात. ती करू द्या, फक्त वेगळ्या परिच्छेदात.

उत्तराचा निवाडा होतो तेव्हा

‘कर्ण चुकला’ किंवा ‘कर्ण बरोबरच होता’ इथे उत्तर संपत असेल तर बहुधा वादविवाद किंवा ‘कर्णावर खटला’ हा उपक्रम आधी झालेला असतो. उपक्रम चांगला आहे, जागा चुकलेली असते. एकदा मुलानं बाजू घेतली की पुढे तो त्या बाजूला सोयीचेच पुरावे वेचतो. म्हणून तक्ता आधी, वाद नंतर. पहिल्या कच्च्या लेखनात चांगला, वाईट, बरोबर, चूक, महान हे पाच शब्द वापरायचे नाहीत असं सांगा. सुरुवातीला मुलं अडखळतात, मग ‘चुकीचं’ऐवजी ‘ज्याचा त्याला स्वतःलाच पश्चात्ताप होता असं’ अशी वाक्यं येऊ लागतात. निवाडा शेवटी द्यायला हरकत नाही. ‘स्वमत’ प्रश्नात तो लागतोही. पण तो विश्लेषणानंतर यावा.

‘नियती’वर अडलेल्या मुलांसाठी पान मधोमध दुमडून दोन बाजू करा: त्याच्या वाट्याला आलं ते एकीकडे, त्यानं केलं ते दुसरीकडे. सोडून दिलं जाणं, रंगभूमीतला अपमान, परशुरामाचा शाप हे डावीकडे. पण शाप लिहिताना थांबवा: शाप मिळाला तो खोटी ओळख सांगून विद्या घेतल्यामुळे. मग तो कोणत्या बाजूला? काही गोष्टी दोन्हीकडे लिहाव्या लागतात हे मुलांना दिसलं की ‘सगळं नशिबानं झालं’ हे वाक्य आपोआप मागे पडतं.

विषयापासून विधानापर्यंत

तक्ता भरला तरी शेवटचं वाक्य गुळगुळीत येतं, ही सर्वांत चिवट अडचण आहे. कारण मुलं ‘मैत्री’ या एका शब्दावरून थेट वाक्यावर उडी मारतात. मधे प्रश्नाची पायरी घाला. विषय: उपकार आणि न्याय. प्रश्न: ज्यानं आपल्याला उभं केलं तो अन्याय करत असेल तर त्याला आपण काय देणं लागतो? या प्रश्नाला कथेनं दिलेलं उत्तर म्हणजे विधान.

विधान दोन टप्प्यांत लिहायला लावा. आधी पात्राच्या नावासकट: ‘अपमानाच्या वेळी दुर्योधनानं दिलेल्या आधाराला कर्ण इतका बांधला जातो की त्याची बाजू हरणार आणि ती सदोष आहे हे कळूनही तो बाहेर पडत नाही, आणि हे कळणं त्याला दोषातून सोडवत नाही.’ मग नाव काढून: ‘अपमानाच्या वेळी मिळालेला आधार माणसाला असा बांधून ठेवतो की अन्याय ओळखूनही तो त्यातून बाहेर पडत नाही, आणि नुसत्या ओळखण्यानं तो निर्दोषही ठरत नाही.’ नाव आधीच काढायला सांगितलं तर वाक्य पोकळ होतं, म्हणून हा क्रम बदलू नका.

विधानाची तपासणी मुलांनीच शेजाऱ्याच्या वहीत करावी. ‘पाहिजे’, ‘नये’, ‘असावे’ आहे का? असेल तर ते तात्पर्य आहे. ‘पण’, ‘तरी’, ‘असूनही’ यांपैकी काही आहे का? नसेल तर वाक्यात ताण नाही. आणि हे वाक्य पंचतंत्रातल्या एखाद्या गोष्टीखाली जसंच्या तसं बसतं का? बसत असेल तर पुन्हा लिहायचं.

एका पात्रावर उभं राहिलेलं विधान

विधान पक्कं आहे का हे पाहायला त्याच प्रश्नासमोर उभी असलेली दुसरी पात्रं आणा. इथे महाभारत फार उदार आहे. विकर्ण दुर्योधनाचा सख्खा भाऊ. द्यूतसभेत मोठमोठे गप्प असताना तो उठून म्हणतो की युधिष्ठिर आधी स्वतःला हरला होता, द्रौपदी पाचांची पत्नी आहे, आणि द्यूताच्या व्यसनात केलेली कृती ग्राह्य धरता येत नाही. म्हणून ती जिंकली गेलेली नाही. त्याला दटावून गप्प बसवणारा कर्णच. पण युद्धात हाच विकर्ण कौरवांकडून लढतो आणि द्रोणपर्वात भीमाच्या हातून मरतो. त्याला मारल्यावर भीम हळहळतो. युयुत्सू हा धृतराष्ट्राचा वैश्य स्त्रीपासून झालेला मुलगा. युद्धाच्या तोंडावर युधिष्ठिर दोन सैन्यांमध्ये उभं राहून ‘ज्याला आमच्याकडे यायचं त्यानं यावं’ म्हणतो, तेव्हा तो बाजू बदलतो. तो युद्धातून वाचतो, आणि पांडव महाप्रस्थानाला निघताना राज्याची देखरेख त्याच्यावर सोपवतात.

तिघांनाही अन्याय दिसला. एक त्याविरुद्ध बोलला नाही आणि थांबला, एक बोलला आणि तरी थांबला, एक निघून गेला. आता मुलांना विचारा की तुमचं कर्णावरचं विधान विकर्णाला लागू पडतं का? बहुतेकदा पडत नाही, कारण विकर्णाला बांधणारं नातं उपकाराचं नाही, रक्ताचं आहे. मग विधान रुंद करावं लागतं किंवा नेमकं. या दुरुस्तीतच मुलांना समजतं की आशयसूत्र पुराव्यानं बदलतं, ते पाठ करायचं नसतं. गाईडमधली तयार उत्तरं उतरवली जात असतील तर थेट विकर्ण आणि युयुत्सू यांच्यावरच प्रश्न द्या. त्यांच्यावर तयार मजकूर सहसा मिळत नाही.

वेळ आणि गुण

हे एका तासात बसत नाही; बसवायला गेलं की शेवटी विधान शिक्षकच फळ्यावर लिहून देतात आणि मुलं ते उतरवून घेतात. 40 मिनिटांचे तीन तास धरा. पहिल्यात 10 मिनिटं उताऱ्याचं मूकवाचन, 25 मिनिटं जोडीनं तक्ता, उरलेली 5 तिसऱ्या रकान्यातल्या सुटलेल्या गोष्टींसाठी. दुसऱ्यात विषय-प्रश्न-विधान आणि अदलाबदल करून तपासणी. तिसऱ्यात दुसरी पात्रं आणि पूर्ण उत्तर, 150 ते 180 शब्दांचं. गट चारापेक्षा मोठे करू नका. पाचवा विद्यार्थी फक्त ऐकतो.

तपासताना पाच गुण असे वाटा: निवड नेमकी सांगितली 1, पर्याय आणि किंमत 2, ओळीच्या क्रमांकासह पुरावा 1, विधान 1. किंमतीला दोन गुण मुद्दाम आहेत. विधानाला जास्त दिले की मुलं पुन्हा सुंदर वाक्यांच्या मागे लागतात. साठ वह्यांवर शेरे लिहीत बसण्यापेक्षा समासात खुणा करा: कथानकच सांगितलं तर ‘क’, तात्पर्य असेल तर ‘ता’, निवाडा असेल तर ‘नि’, पुरावा नसेल तर ‘पु’. वर्गात एकाच खुणेची गर्दी दिसली तर अडचण कुठे आहे ते कळतं. ‘क’ जास्त असतील तर पहिल्या रकान्याची मर्यादा पाळली गेली नाही. ‘ता’ जास्त असतील तर प्रश्नाची पायरी वगळली गेली. ‘नि’ जास्त असतील तर वाद आधी झाला. ‘पु’ जास्त असतील तर उताऱ्याच्या ओळींना क्रमांक होते का, ते आधी पाहा. पुढचा तास त्या एकाच जागेवर घ्या, आणि त्या तासाला नवं पात्र आणू नका.